जखम दाखविण्याची सक्ती कशासाठी?

२०२२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात सॅम गिलियम या कृष्णवर्णीय चित्रकाराच्या नव्या अमूर्त चित्रांचे प्रदर्शन भरले. ते चालू असतानाच, २५ जूनला, वयाच्या ८८ व्या वर्षी गिलियम यांचे निधन झाले. ज्या शहरात ते १९६२ पासून राहिले, त्या शहराच्या या संग्रहालयातील हे त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन! प्रस्थापितांची दारे किती सावकाश उघडतात, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

नवी चित्रे गोल फळ्यांवरची, तीन ते पाच फूट व्यासाची. रंगाचे जाड थर, त्यात मिसळलेला लाकडाचा भुसा, वर ओरखडे. त्यात माणूस नाही, मोर्चा नाही, साखळदंड नाही. आमचा एखादा कार्यकर्ता लगेच विचारील, याचा लढ्याला उपयोग काय?

नेमका हाच प्रश्न १९६० नंतरच्या काळात कृष्णवर्णीय चळवळीतील मंडळींनी अशा चित्रकारांना विचारला होता. तो खोटा नव्हता. ज्यांचा चेहरा चित्रांत नोकर किंवा विदूषक म्हणूनच आला, त्यांना स्वतःचा ताठ मानेचा चेहरा पाहायचा होता.

पण गिलियम काही हस्तिदंती मनोऱ्यात बसलेले नव्हते. १९३३ साली मिसिसिपीत, वर्णभेदाच्या मुलखात जन्मलेला हा माणूस तरुणपणी नागरी हक्कांच्या चळवळीत होता. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. पुढच्या वर्षी गिलियम यांनी एक प्रचंड कॅनव्हास रंगविला: जांभळ्या रंगात उतरलेले लाल डाग. शीर्षक फक्त 'एप्रिल ४'. किंग यांचा चेहरा त्यात शोधूनही सापडत नाही. ज्याला ती तारीख ठाऊक आहे, त्याला आणखी कोणता पुरावा हवा?

१९७२ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतर्फे मांडली गेलेली चित्रे गिलियम यांचीही होती. त्याच वर्षी मुंबईत आमच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. तिकडून आम्ही नाव घेतले, आवेश घेतला. कलेविषयीचा हा वाद मात्र तिकडेच राहिला.

जन्मावरून धंदा ठरविणारी व्यवस्था आम्ही भोगली आहे. आता जन्मावरून चित्राचा विषयही ठरवायचा काय? आमच्या चित्रकाराने झाडू आणि जळते घरच काढावे, आणि रंग, पोकळी, शांतता ही इतरांची वतने, ही वाटणी कोणी केली? गॅलरीवाल्यांनाही आमच्याकडून जखमच हवी असते; ती भिंतीवर शोभते. मोर्चाला फलक लागतोच आणि तो रंगविणाऱ्या हाताचे मोल आम्ही जाणतो. पण त्या हाताने घरी जाऊन आणखी काय रंगवावे, हे ठरविण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

येत्या १४ एप्रिलला जयंतीच्या मंडपात आमची एखादी मुलगी नुसत्या निळ्या रंगाचे चित्र घेऊन आली, तर मंडळांनी 'यात बाबासाहेब कुठे?' असे तिला विचारू नये. एक भिंत मोकळी ठेवावी.