रोमच्या चौकांतील गंगा

गंगा म्हटली कीं मकरावर आरूढ झालेली, हातीं कलश धरलेली माता आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. हीच गंगा रोम शहरांतील पिआझ्झा नाव्होना नांवाच्या चौकांत दाढीवाल्या, बलदंड पुरुषाच्या रूपानें पावणेचारशें वर्षें बसली आहे, हें वाचून आमच्या भगिनींस हसूं येईल. परंतु प्राचीन रोमन शिल्पांत नद्यांस पुरुषरूप देण्याची चाल होती. तिला अनुसरून क्लॉद पुसँ या फ्रेंच शिल्पकारानें ही मूर्ति घडविली व तिच्या हातीं एक लांब वल्हें दिलें. कारण ही नदी दूरवर नौकागम्य आहे, अशी तिची ख्याति होती.

ही मूर्ति ज्या 'चार नद्यांच्या कारंजा'चा भाग आहे, तें १६४८ ते १६५१ या काळांत बेर्निनी (१५९८–१६८०) याच्या आराखड्यावरून उभें राहिलें. डान्यूब, नाईल, गंगा व प्लाता या चार नद्या म्हणजे त्या वेळीं ज्ञात असलेले चार खंड. मधला खडक बेर्निनीनें चोहोंकडून आरपार पोखरला आणि त्या पोकळीवर अवजड प्राचीन ओबेलिस्क उभा केला. पाहणाराची छाती दडपावी, हाच हेतु! या कलेस 'बरोक' म्हणतात. बेढब मोत्यास पोर्तुगीज भाषेंत जो शब्द आहे, त्यावरून हें नांव पडलें असें मानतात. आरंभीं तें निंदेचेंच होतें. आधींच्या कलेस स्थैर्य व प्रमाणबद्धता प्रिय होती. हिला गति, छायाप्रकाश व नाट्य प्रिय.

नाईलनें तोंड झांकून घेतलें आहे. समोरचें बोर्रोमिनीचें चर्च पाहवत नाहीं म्हणून, असें लोक गमतीनें सांगतात. पण कारंजें पुरें झालें १६५१ सालीं आणि चर्चचें काम सुरू झालें १६५२ सालीं! नाईलचा उगम तेव्हां युरोपास अज्ञात होता, हाच त्या वस्त्राचा अर्थ.

या वैभवाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पोप दहावा इनोसंट याच्या घराण्याचा वाडा याच चौकांत होता व ओबेलिस्कच्या शिरावर त्या घराण्याचें चिन्ह, कबूतर, बसविलें आहे. खर्चासाठीं मात्र कर बसला पावावर, आणि तोहि महागाईच्या दिवसांत. आम्हांस कारंजीं नकोत, पाव हवा, असा आक्रोश रोमकरांनीं केला.

मग या कृतीस सुंदर म्हणावें कीं निष्ठुर? आमच्या मतें एका विशेषणानें दुसरें पुसतां येत नाहीं. बेर्निनीची प्रतिभा खरी आणि उपाशी माणसाचा हिरावलेला घांसहि खरा. कलेचें कौतुक करतांना तिचा पैसा कोणीं भरला हें विचारणें अरसिकपणाचें नाहीं. आणि तें कळल्यावर डोळे मिटून घेणेंहि शहाणपणाचें नाहीं.

ज्यांस रोम दूर, त्यांनीं जुन्या गोव्यास जावें. तेथील बॉं जेझुस चर्चमध्यें सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनें घडविला असून तो १६९८ सालीं तेथें बसविण्यांत आला. मुलांस बरोबर न्यावें, आणि तेथेंहि हे दोन्ही प्रश्न त्यांस अवश्य विचारूं द्यावेत.