सैनिकाचे नाव आपल्या वहीत हवे



दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ सालापासून चालत आलेला हा दिवस नेमका गळिताच्या धामधुमीत पडतो, त्यामुळे पवनी भागातल्या पुष्कळ सभासदांच्या तो ध्यानातही राहत नाही. शाळेतली पोरे छोटे निशाण घेऊन येतात, आपण खिशात हात घालतो, झाले. यंदा आम्ही लावण-खोडव्याचा विषय बाजूला ठेवून खेड्यातल्या सैनिकाविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो पुढे येईलच.

खेड्यातल्या मराठी सैनिकाची चांगली नोंद असलेले उदाहरण म्हणजे नाईक यशवंत घाडगे. जन्म १९२१, गाव पळसगाव, तालुका माणगाव, आताचा रायगड जिल्हा. मुलूख आपल्यासारखाच, ते भात म्हणतात, आपण धान म्हणतो. हा शेतकऱ्यांच्या मुलखातला तरुण पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत पोचला. तारीख १० जुलै १९४४. गावाकडे लावणीचे दिवस. तिकडे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. बरोबरचे सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी. घाडगे एकटे उरले. त्यांनी धावत जाऊन हातबॉम्ब टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही बंद पाडले, आणखी एकाला गोळी घातली. दुसरे काडतुसांचे मॅगझिन भरायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्याने लोळवले. मग आडून मारा करणाऱ्यांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय २२.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदक घ्यायला त्यांच्या पत्नीला दिल्लीला जावे लागले. व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्या बाईंनी ते घेतले, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल ते कोणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. थडगे मात्र नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. २०२३ साली मोंतोने या इटलीतल्या गावाने त्यांच्या आठवणीसाठी छायेवरून वेळ दाखवणारे घड्याळ बसवले. मेल्यावर ७९ वर्षांनी, आणि परक्या गावाने!

हे नशीबवान म्हणायचे, कारण निदान नाव राहिले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या साध्या हिंदी शिपायांची नावे बसऱ्याच्या स्मारकावर कोरलीच नाहीत. गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. शिपायांचा पलटणवार आकडा. आपल्या राज्यात काही गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. या गावातून इतके गेले, इतके मेले, एवढेच त्यावर आहे. कोण गेले ते नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानेच २०२१ साली चौकशी करून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली.

इंग्रजाला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. आपल्याकडे काय आहे? पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये खोदकाम झाले, स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. दगड देणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकवणारे हे गाव आहे, आणि आजूबाजूच्या खेड्यातून फौजेत कोण कोण गेले याची यादी विचारा. म्हातारे बोटावर मोजतात, तरुण एकमेकांकडे पाहतात.

आता आमच्या खात्याचा संबंध. सैनिक गेला की सत्कार होतो, भाषणे होतात. पुढे काय? उसाची नोंद सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर चालू राहते, बिल तिकडेच जमा होते, आणि वावर निंदणारी ती बाई आमच्या कोणत्याच वहीत नसते. आम्ही शेतावर फिरतो तेव्हा हे दिसते. "तिला सरकारचे पेन्शन आहे ना," असे ऐकायला मिळते. पेन्शन हा तिचा वेगळा हक्क आहे बावा, त्याने शेतातला वाटा बुडत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर मृताच्या वाट्यावर पत्नी, मुले आणि आई यांचा पहिला हक्क आहे. वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. कारखान्याच्या भागासाठी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३० प्रमाणे नामनिर्देशन करता येते, पण ते जिवंतपणी केले तर. फौजेतला मुलगा सुटीवर आला की जेवणावळी होतात. त्यातली एक सकाळ या कागदासाठी काढावी.

आमची संचालक मंडळाला विनंती आहे की, सभासदांच्या घरातून फौजेत गेलेल्यांची गाववार वही कारखान्याने ठेवावी. नाव, गाव, पलटण, भरतीचे साल, आणि गेला असेल तर कोठे आणि कधी. गुंठ्या-गुंठ्याची नोंद ठेवणाऱ्या खात्याला हे जड नाही. सैनिकाच्या वारसांचे भाग-हस्तांतराचे अर्ज मंडळाच्या बैठकीत पहिले घ्यावेत.

मंडळाचा निर्णय होईपर्यंत आम्ही थांबत नाही. ज्यांच्या घरी जुनी पलटणीची पत्रे, पदके किंवा पेन्शनचे कागद असतील, त्यांनी नोंदीला येताना ते बरोबर आणावेत. नक्कल करून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ.