मूत्रपिंडाची काटकसर गृहीत धरू नका

कोशिंबिरीसाठी चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी पाणी साचते. मीठ पाणी ओढून घेते. हीच युक्ती आपली मूत्रपिंडे दिवसरात्र वापरत असतात.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवीवाटे बाहेर पडतो तो साधारण दीड लिटर. बाकीचा परत रक्तात जातो. हा द्रव ज्या सूक्ष्म नलिकांतून वाहतो, त्यांचा एक भाग केसाच्या पिनेसारखा वळलेला असतो. त्याला ‘हेन्लेचा पाश’ म्हणतात. पाशाची वर चढणारी बाजू पाणी जाऊ देत नाही, मीठ मात्र बाहेर टाकते. त्यामुळे मूत्रपिंडाचा आतला गाभा चांगलाच खारट होतो. युरियाही त्यात भर घालतो. द्रवाचा शेवटचा प्रवास याच गाभ्यातून होतो. शरीरात पाणी कमी असेल तर मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटते, नलिकेच्या भिंतीतली पाण्याची दारे उघडतात आणि खारट गाभा पाणी ओढून घेतो. उरते ती घट्ट, गडद पिवळी लघवी.

मात्र या काटकसरीला मर्यादा आहे. माणसाची लघवी रक्ताच्या फार तर चौपट घट्ट होऊ शकते. रोजचा युरिया आणि क्षार बाहेर टाकण्यासाठी निदान अर्धा लिटर पाणी खर्ची पडतेच. शरीराला ते मिळाले नाही, तर मूत्रपिंडांवर ताण येतो.

हे सांगायचे कारण म्हणजे बाजारात भाजी विकणाऱ्या, बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या, उसाच्या फडात राबणाऱ्या अनेक बायका सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत. ‘लघवीला जायचे कुठे?’ हा त्यांचा साधा प्रश्न असतो. लघवी सतत घट्ट राहिली की खडे होण्याची शक्यता वाढते. ती तासन्‌तास अडवून धरली की जंतुसंसर्गाला वाव मिळतो. त्यात अंग दुखते म्हणून वेदनाशामक गोळी घेतली जाते. पाणी कमी पडलेल्या शरीरात याच गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यामागे एकच कारण नसावे. पण उन्हातले कष्ट आणि वारंवार पडणारी पाण्याची कमतरता यांकडे संशोधक बोट दाखवतात. महाराष्ट्राने, ऊसतोडीवर लाखो लोकांचे पोट असलेल्या राज्याने, हा इशारा दुर्लक्षित करू नये.

आपण मात्र या बायकांना ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच सांगून मोकळे होतो. सल्ला बरोबर आहे, पत्ता चुकला आहे. तो साखर कारखान्यांना, मुकादमांना आणि नगरपालिकांना द्यायला हवा: फडाजवळ पिण्याचे पाणी, सावली, ठरलेली विश्रांती, आणि बाजारात व कामाच्या जागी कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह. कारखान्याच्या हंगामाच्या खर्चात ही रक्कम डोळ्यांत भरण्याजोगी नाही. डायलिसिसचा खर्च मात्र एखाद्या मजुराचे घर बसवू शकतो.

मूत्रपिंड मुकाट्याने काटकसर करते, तक्रार फार उशिरा करते. त्या मुकेपणाचा फायदा घेणे आता थांबवायला हवे.