ताडोबात आत तंबू? कशासाठी?

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईचे फोन सुरू. “ताडोबात आतच तंबू टाकायचाय, कुणाशी ओळख आहे का?” असेल तरी लावणार नाही!

वाघाला मोकळीक हवी म्हणून कोअरमधून नवेगाव, जामणी ही गावं उठवली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून माणसं निघाली. आता त्याच जंगलात रात्री तुम्ही शेकोटी पेटवणार? व्याघ्र प्राधिकरणाच्या २०१२ च्या सूचनाही सांगतात, कोअरमधली पर्यटकांची मुक्कामाची सोय टप्प्याटप्प्यानं बंद करा.

बाहेर राहा ना. मोहर्लीत, कोलाऱ्यात गावकऱ्याच्या घरी खोली घ्या. ज्याच्या शेळ्या वाघ नेतो, त्याच्या हातात चार पैसे पडू द्या. आणि भिंती घातलेल्या रिसॉर्टला कृपया ‘गावातला मुक्काम’ म्हणू नका. तिथं गावाच्या वाट्याला बहुतेक झाडू-भांडीच येतात.