आपलं चित्र आपणच छापायचं

२०१२ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसद गाजली. शंकर यांनी १९४९ साली काढलेलं ते चित्र, गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. आपण निषेध केला, करायलाच हवा होता. पुढे २०१९ मध्ये व्यंगचित्रकार उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं पुस्तकरूपात मांडली. तेव्हा कळलं, ते एकटं चित्र नव्हतं, ती रीतच होती.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. त्यांनी काढलेल्या चित्रांचा निषेध झाला. आपण काढलेली चित्रं कुठे आहेत?

चित्र काढणारे हात नाहीत, असं कुणी म्हणू नये. १४ एप्रिलच्या आधी कोणत्याही वस्तीत जा. फ्लेक्सचं डिझाईन करणारा पोरगा रात्रभर कोरलड्रॉवर बसलेला असतो. त्याच्याकडून आपण काय करून घेतो? भाऊंचा फोटो मोठा कर, शुभेच्छुकांची रांग नीट लाव. दोन दिवसांत फ्लेक्स उतरतो. त्याचं स्वतःचं नाव त्यावर कधीच नसतं.

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत मी रविवारी मुलांना चित्रकथा करायला बसवते. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चितारलेलं ‘भीमायन’ दाखवते. गोष्ट ठोकळेबाज चौकटीत कोंबायलाच हवी असं नाही, हे त्यातून मुलांना पटकन कळतं. तरी सुरुवातीला सगळे बाबासाहेबांचा पुतळाच काढतात. स्वतःला कुणी काढत नाही. मग नववीतल्या एका मुलीने सात चित्रं काढली. सर स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी “एससीवाले उभे राहा” म्हणतात, ती उभी राहते, आणि शेवटच्या चित्रात फक्त बाकावर शेजारणीची थोडी लांब सरकलेली वही.

एका संस्थेला ते छापायचं होतं. अट एकच, ‘एससी’च्या जागी ‘गरीब’ करा. मुलीने मला विचारलं, “ताई, गरीब तर ती शेजारची पण आहे ना?” एमएच्या दोन वर्षांत जात आणि वर्ग यांवर मी इतकं नेमकं काही ऐकलं नव्हतं.

मग आम्हीच छापलं. एफोर कागदाची एकच बाजू, तीन घड्या, मधोमध एक काप. मुखपृष्ठासकट आठ पानांची, खिशात मावणारी पुस्तिका तयार. पिनसुद्धा लागत नाही. बाहेर याला झीन म्हणतात. पहिल्या शंभर प्रती वाया गेल्या. झेरॉक्स मशीन कडेला थोडी जागा सोडतं, हे मला ठाऊक नव्हतं आणि संवाद कापले गेले. चूक माझी, भुर्दंडही माझाच. दुसऱ्या खेपेला खर्च दोन रुपये, किंमत दहा. त्यातले पाच मुलीचे, उरलेले पुढच्या कागदाचे.

“चळवळीचं काम आहे, फुकट वाटा,” असं दोन ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले. हे वाक्य आपल्या शाहिरांनी आणि गायकांनी आयुष्यभर ऐकलं आहे. दादरला ६ डिसेंबरला लोक पोटाला चिमटा काढून पुस्तकं विकत घेतात. त्यांना फुकट्या समजू नका.

तरुण मित्र सांगतात, इन्स्टावर टाका, हजारो बघतील. जरूर टाका. पण चार जणांनी रिपोर्ट केलं की पोस्ट उडू शकते, आणि तो निर्णय आपल्या हातात नसतो. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांच्या मदतीने बाबासाहेबांनी स्वतःचा कागद उभा केला. आपल्याला तर आज तेवढ्याचीही गरज नाही.

स्वतः छापताना सगळं सोपं असतं असं मात्र नाही. शाळेचं आणि सरांचं नाव आम्ही आधीच काढलं होतं. मुलीचं नाव मुखपृष्ठावर हवंच, असा माझा आग्रह होता. फ्लेक्सवाल्या पोराबद्दल वर जे लिहिलं, ते तिच्याही बाबतीत व्हायला नको होतं. तिची आई कामावरून आली, पुस्तिका दोनदा पाहिली आणि म्हणाली, “ताई, नाव नको. तिला अजून तिथंच शिकायचंय.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुखपृष्ठावर नावाच्या जागी आता नुसती रेघ आहे. दहावी झाली की प्रत्येक प्रतीवर हाताने नाव लिहीन, असं ती म्हणते. म्हणून चाळीस प्रती तिने विकायच्या ठेवलेल्या नाहीत.