जुन्या काचेचा तळ वाचायला शिका

सन 1950 ते 1970 या काळातील काचेच्या फुलदाण्या, रंगीत वाडगे, चिनी मातीच्या नक्षीदार बशा जमवून घर सजवण्याचा शौक युरोप-अमेरिकेत जुना आहे. आता आपल्या मोठ्या शहरांतही त्याचे गिऱ्हाईक दिसू लागले आहे. हा माल रिकाम्या होणाऱ्या घरांतून बाजारात येतो आणि त्यातील बराचसा आपल्याच व्यापारी बांधवांच्या हातून पुढे जातो. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, हे कोणालाही पाहता येईल. तरीही आपला माणूस तो ठोक भावात, टोपलीवर काढतो आणि खरा नफा दुसराच कोणी घेतो. याला लोक नशीब म्हणतात. आमच्या मते हा नशिबाचा नव्हे, इल्मचा प्रश्न आहे.

आम्ही कापडवाले, म्हणून कापडाच्या चालीचीच मिसाल देतो. इटलीत व्हेनिसजवळ मुरानो नावाचे बेट आहे. सन 1291 मध्ये व्हेनिसच्या काचभट्ट्या तेथे हलवण्यात आल्या आणि तेव्हापासून ते काचेचे गाव झाले. तेथील व्हेनिनी या कारखान्यासाठी फुल्व्हिओ बियांकोनी आणि पाओलो व्हेनिनी यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस एक फुलदाणी काढली. रुमाल मधोमध चिमटीत धरून उलटा केला की जशा कडा उभ्या राहतात, तसा तिचा आकार. तिचे नावही इटालियन भाषेत रुमाल असेच आहे. काहींच्या काचेत पांढऱ्या व रंगीत काचेचे बारीक धागे असे घातलेले असतात की विणकाम पाहतो आहोत असे वाटावे. काम हाताचे, म्हणून दोन नग तंतोतंत सारखे नसतात.

हाच आकार पुढे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्स या कारखान्याने घेतला. त्यांनी सपाट काचेच्या चौकोनी तुकड्यावर ठिपके, पट्टे असे नमुने छापले आणि तो तुकडा तापवून वाकवला. माल स्वस्त झाला, सामान्य घरांत गेला. आज दोन्ही जमवले जातात, पण भाव फार वेगळे. हातमागाचे आणि छापील कापड जसे एका भावाने जात नाही, तसेच हे. छापील वस्तू विकण्यात कमीपणा नाही. छापील वस्तू हातमागाची म्हणून विकणे हा मात्र गुन्हा आहे.

स्वस्त माल म्हणजे बिनकिमतीचा, असेही समजू नये. सन 1957 च्या सुमारास इंग्लंडच्या रिजवे पॉटरीजने ‘होममेकर’ नावाचा बशा-कपांचा संच काढला. पांढऱ्यावर काळ्या रेघांत खुर्ची, दिवा, मेज असे त्या काळचे घरसामान. नक्षी एनिड सीनी या बाईंची, विक्री वूलवर्थच्या स्वस्त दुकानांतून. साध्या संसारी लोकांनी रोजच्या जेवणासाठी घेतलेल्या त्या बशा आज शौकीन शोधत फिरतात. बशी बदललेली नाही. तिची हकीगत लोकांना कळली, एवढाच फरक पडला.

तेव्हा व्यापारी बांधवांनी पारख शिकावी. कापड घेताना आपण किनार पाहतो, गिरणीचा छाप पाहतो. येथे तळ पाहावा. कारखान्याचा छाप, ॲसिडने कोरलेली सही, कागदी लेबल जे काही असेल ते जपावे. लेबल भिजवून काढून टाकू नये. कडेवरून नख फिरवावे, टवका असेल तर कळतो. उजेडासमोर धरून केसासारखी चीर शोधावी. चिनी मातीच्या भांड्यावर हलकेच टिचकी मारावी. बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संशय धरावा. अनेक वर्षे मेजावर सरकलेल्या भांड्याच्या तळाला बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे असतात. ते सर्व एकाच दिशेचे दिसले तर पॉलिश पेपर आठवावा. आणि सहीवरही एकट्या विसंबू नये, कारण नामांकित सह्या खोट्याही कोरल्या जातात. खात्री नसेल तेथे ‘मुरानो पद्धतीची, कारखाना अज्ञात’ असे सांगावे. यात गिऱ्हाईक जात नाही, उलट पुन्हा येते.

आपल्या बाजारात प्रत्येक जुन्या वस्तूला ‘अँटिक’ म्हणण्याची खोड आहे. सन 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशा वस्तूला पुरावस्तू ठरण्यास किमान 100 वर्षे व्हावी लागतात. सन 1955 ची फुलदाणी पुरावस्तू नव्हे. तिला साठ-सत्तर वर्षांची जुनी वस्तू म्हणावे, तेच खरे आणि तेच सोयीचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस असे विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले, ही हदीस आपण सर्वजण जाणतो. जोडलेला तडा भिंतीकडे फिरवून फुलदाणी मांडणे म्हणजे तेच ओले धान्य.

काही बांधव विचारतील, हा शौक म्हणजे इस्राफ नव्हे काय? कर्ज काढून, दिखाव्यासाठी केला तर आहेच. पण ऐपतीत राहून, एखादी टिकाऊ, सुंदर वस्तू भंगारातून वाचवून घरात ठेवली तर त्यात उधळपट्टी दिसत नाही. मात्र जुन्या रंगीत भांड्यांत आणि जड क्रिस्टलमध्ये शिसे असू शकते. ती शोभेलाच ठेवावीत, लोणचे-सिरका त्यांत भरू नये. आणि हिशेबाची एक गोष्ट: दुकानात विक्रीसाठी ठेवलेला हा माल तिजारतीचा माल आहे. निसाब व वर्ष पूर्ण झाल्यावर त्याच्या चालू बाजारभावावर अडीच टक्के जकात येते. टोपलीच्या भावाने घेतला म्हणून टोपलीच्या भावाने जकात काढू नये.

आता कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. फिरोजाबादची काच आणि खुर्जाचे कुंभारकाम यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या भट्ट्यांवर आपले कितीतरी भाऊ पिढ्यानपिढ्या राबत आहेत. पण गावाचे नाव झाले तरी हाताचे नाव होत नाही. व्हेनिनीची फुलदाणी सत्तर वर्षांनीही ओळखली जाते, कारण तळाला नाव आहे आणि कारखान्याच्या दप्तरात नमुना आहे. आपल्या कारागिराच्या वस्तूच्या तळाला बहुधा काहीच नसते. एक लहानसा शिक्का, साल, आणि वहीत नमुन्याचे चित्र. खर्च किती? चहाच्या पैशाइतका. लाभ कदाचित आपल्याला नाही, आपल्या नातवंडांना होईल.

व्यापाऱ्याने तळ वाचावा आणि कारागिराने तळावर लिहावे, एवढीच आमची विनंती आहे. बाकी बरकत देणारा अल्लाह आहे.