तबलीगची बातमी, औरंगाबादचा निकाल आणि एक लाखाचा दंड

मार्च २०२० संपता संपता दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि चार दिवसांत 'कोरोना जिहाद' हा शब्द घराघरात पोहोचला. तो कुठल्या डॉक्टरने दिला नव्हता, टीव्ही आणि सोशल मीडियाने दिला होता. त्याची किंमत स्टुडिओत बसलेल्यांनी मोजली नाही. ती मोजली हातगाडीवर भाजी विकणाऱ्याने. नाव विचारून त्याला गल्लीतून परत पाठवले गेले.

आजार खरा होता, मरकजमध्ये गर्दी झाली होती आणि तिथल्या अनेकांना लागण झाली होती, हेही खरे. एवढीच बातमी दिली असती तर कुणाची हरकत नव्हती. पण गर्दीला 'कट' म्हटले गेले, आणि कटाचा पुरावा मात्र कुणी मागितला नाही.

तो मागितला कोर्टाने, आणि तोही आपल्याच महाराष्ट्रात. अहमदनगर जिल्ह्यातल्या मशिदींमध्ये थांबलेल्या २९ परदेशी नागरिकांवर, त्यांना आसरा देणाऱ्या काही भारतीयांवर आणि मशिदींच्या विश्वस्तांवर गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी ते रद्द केले. या लोकांकडे वैध व्हिसा होता. त्यांच्यामुळे साथ पसरली असे दाखवणारा पुरावा नव्हता. या परदेशी पाहुण्यांविरुद्ध वर्तमानपत्रे आणि टीव्हीवरून मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असेही निकालात नमूद आहे. निकालातल्या काही निरीक्षणांशी खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी नंतर असहमती नोंदवली; पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचे एकमत होते.

दिल्लीत मात्र वेळ लागला. परदेशी जमातींना ठेवून घेतल्याचा आरोप असलेल्या ७० भारतीयांवरची १६ आरोपपत्रे दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केली. म्हणजे पाच वर्षांनी. ज्या आवाजात आरोप ऐकवला गेला, त्या आवाजात ही बातमी तुम्ही ऐकली का? आपल्या शेजाऱ्याला विचारून पाहा, त्याला मरकज आठवेल, निकाल आठवणार नाही.

आम्हाला खरा धोका इथे दिसतो. लोकशाहीत मत देणारा माणूस बातमीवरून आपले मत बनवतो. आरोप त्याच्यापर्यंत पोहोचला आणि निर्दोषत्व पोहोचले नाही, तर तो अर्ध्या माहितीवर शेजारी ठरवतो आणि आमदारही.

याचा अर्थ सगळी पत्रकारिता विकली गेली, असा नाही. ही ओरड आपल्या मोहल्ल्यात फार चालते आणि ती अन्यायाची आहे. औरंगाबादचा निकाल आपल्याला कळला तो कोर्टात रोज बसणाऱ्या बातमीदारांमुळेच. हाथरसला निघालेले केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते बाहेर आले. 'मीडियावन' या मल्याळम वाहिनीवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी उठवली आणि सरकारच्या धोरणावर टीका करणे म्हणजे व्यवस्थेच्या विरोधात असणे नव्हे, असे बजावले. खोटे दाखवणाऱ्यांपेक्षा विचारणाऱ्यांनाच जास्त त्रास होतो, हे चित्र उलटे आहे. कार्यक्रम पाहणाऱ्यांचे आकडे आणि सरकारी जाहिराती यांवर चालणाऱ्या धंद्यात चार जणांना भांडायला बसवणे स्वस्त पडते. जिल्ह्यात बातमीदार पाठवणे महाग.

मग करायचे काय? नुसते 'गोदी मीडिया' म्हणून चॅनेल बदलल्याने काही होत नाही. बेंगळुरूच्या काही नागरिकांनी तबलीगवरच्या कार्यक्रमांविरुद्ध वृत्तवाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे लेखी तक्रार केली. जून २०२१ मध्ये एका कन्नड वाहिनीला १ लाख आणि दुसरीला ५० हजार रुपये दंड झाला. आता एका चॅनेलला १ लाख म्हणजे काय, किरकोळ रक्कम! सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हा दंड अपुरा असल्याचे म्हटले. शिवाय जी वाहिनी या संस्थेची सभासदच नाही, तिच्यावर तिचा जोर चालत नाही. तरीही दंड झाला आणि तो कागदावर राहिला. पुढच्या खटल्यात असा कागद कामाला येतो.

आपल्या ग्रुपवर येणाऱ्या फॉरवर्डलाही हाच नियम लागतो. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी तिची छाननी करण्याचा हुकूम आहे. तो अँकरसाठी आहे तसा व्हॉट्सॲपवर बोट ठेवणाऱ्या आपल्यासाठीही आहे. दंगलीचा जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरवणारे आपल्यातही कमी नाहीत.

आणि तक्रार करायची तर रागाच्या भरात चार ओळी लिहून चालत नाही. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, नेमके कोणते वाक्य, आणि क्लिप जपून ठेवलेली हवी. पहिली तक्रार त्या वाहिनीकडेच करावी लागते आणि तीही प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत. मोहल्ल्यात वकिली किंवा पत्रकारिता शिकणारी मुले-मुली आता घरोघरी आहेत. हे काम त्यांच्याकडे द्या, मोबाइलचे डेटाचे पैसे आपण भरू.